उंच जीप आणि सारजाबाईंचा मंगळवार

जीपला मोठे टायर घालायचे ठरले तेव्हा राजशेखरने सगळ्याची मापं घेतली. चाकावरची जागा मोजली, गोठ्याच्या पत्र्याची उंची मोजली, दारातल्या कमानीखालून गाडी जाईल का तेही काठी धरून पाहिलं. आईचं माप घ्यायचं तेवढं राहिलं.

राजशेखर जळकोटचा. नळदुर्गला त्याचं खता-बियाण्यांचं दुकान, आणि तिथली रोजची जा-ये डांबरी रस्त्याने. पण मागच्या पावसाळ्यात शेताच्या वाटेवर जीप काळ्या मातीत रुतली आणि शेजारच्याच रानातल्या चुलतभावाने, बलभीमने, ती ट्रॅक्टरने ओढून काढली. काढली ते ठीक, पण पुढे गावातल्या प्रत्येक चहाच्या हॉटेलात त्याने ती हकिगत मीठमसाला लावून सांगितली. "शेठच्या जीपला टायर न्हायत, भाकरी लावल्यात भाकरी!" खत घ्यायला आलेलं गिऱ्हाईकसुद्धा आधी वाकून टायर बघायला लागलं, तेव्हा राजशेखरच्या मनाने घेतलं.

बायकोने, शिवांजलीने, विचारून पाहिलं. "वर्षातनं चार दिस चिखल. तेवढ्यापायी गाडीला टाचा कशाला?"

"टाचा न्हाईत त्या. क्लिअरन्स म्हणत्यात त्याला."

"चपलीच्या दुकानात त्यालाच टाचा म्हणत्यात."

सोलापूरच्या बसप्पा मिस्त्रीकडे राजशेखरने अगदी बेताचे टायर सांगितले होते. बसप्पा म्हणाला, "सर, एवढ्याश्या फरकानं कुणाला कळणार? एक माप वर जावा." एक माप वर गेल्यावर वळताना टायर मडगार्डला घासायला लागले. घासतात म्हणून गाडी उचलायची. उचलायचं चांगलं सामान खिशाला झेपेना, म्हणून स्वस्तातला उपाय निघाला, स्प्रिंगांच्या डोक्यावर ठोकळे. आणि गाडी वर गेल्यावर दाराखालचं पायदान केविलवाणं दिसायला लागलं, म्हणून तेही काढून टाकलं. "जंगलात दगडाला अडकतंय ते," असं बसप्पाने पटवलं. जळकोटच्या शिवारात जंगल कुठंय, हा प्रश्न राजशेखरला नळदुर्ग ओलांडल्यावर पडला.

मंगळवारी दुकान बंद. दर मंगळवारी तो आईला, सारजाबाईंना, तुळजापूरला देवीच्या दर्शनाला नेई. दुकानात दिवसभर बोलून तो घरी गप्प असायचा आणि सारजाबाईंचं घरी कामातून डोकं वर निघत नसे. मायलेकांचं जे काही बोलणं व्हायचं ते जीपच्या पुढच्या दोन सीटांवर. राजशेखरने हे कुणाला बोलून दाखवलं नसतं, पण आठवडाभर तो त्या मंगळवारची वाट बघायचा.

त्या मंगळवारी सारजाबाई हळदी-कुंकू घेऊन पुढे आल्या. बोनेटपर्यंत हात पुरेना, म्हणून बंपरला लावलं. भाकरतुकडा ओवाळून टाकला. मग दार उघडलं आणि त्या नुसत्याच बघत उभ्या राहिल्या. सीट त्यांच्या छातीला लागत होती.

"म्या हितं चढायचं का उडी मारायची?"

एव्हाना बलभीम आलाच होता. "काकू, उचलून ठेवू का?"

"म्या काय कडब्याची पेंडी हाय का रं? हात तर लावून बघ!"

प्लॅस्टिकची खुर्ची आणली, तिचे पाय फाकले. चौरंग आणला, तर पूजेच्या चौरंगावर पाय द्यायला त्यांनी साफ नकार दिला. शेवटी शिवांजलीने मिक्सरखालचं स्टूल आणलं. राजशेखरने एक हात धरला, शिवांजलीने मागून आधार दिला आणि सारजाबाई एकदाच्या सिंहासनावर बसल्या. जीप निघाली.

स्टूल दारातच राहिलं.

शिवांजलीने ते लगेच पाहिलं. तोंडही उघडलं होतं तिने. पण देवाला निघालेल्या माणसाला मागून हाक मारायची नाही, हा त्या घरातला सारजाबाईंचाच कडक नियम. फोन करावा, तर फोन म्हणजे तरी हाकच की. ती स्टूल हातात घेऊन जीप दिसेनाशी होईपर्यंत गप्प उभी राहिली.

वाटेत सारजाबाई खूश होत्या. वरून सगळं शिवार दिसत होतं. स्वतःच्या रानापाशी मात्र त्या एकाएकी मान लांब करून बघायला लागल्या.

"काय गं?"

"काय न्हाय. चल."

तुळजापुरात गाडी लावली आणि उतरायची वेळ आली, तेव्हा राजशेखरला स्टूल आठवलं. "बस जरा, आणतो कुठनं तरी," म्हणून तो धावला. प्रसादाच्या दुकानांत गर्दी. एकाच्या स्टुलावर पेढे, दुसऱ्याच्या स्टुलावर स्वतः मालक. तिसऱ्याने बऱ्याच विनवण्यांनंतर दिलं.

तो परतला तर जीपपुढे ही रांग! नव्या कोऱ्या टायरांचं उंच वाहन, बंपरला हळदी-कुंकू, दार उघडं आणि आत डोक्यावर पदर घेऊन, हात जोडून बसलेली पांढऱ्या केसांची बाई. पहिल्यांदा कुणीतरी भोळेपणाने नमस्कार केला असेल. सारजाबाईंचे पाय बरोबर कपाळाच्या उंचीला, वाकायचीही गरज नाही. मग दुसरी आली, तिसरी आली. मांडीवर खण आणि नारळ जमले होते.

राजशेखर स्टूल घेऊन पुढे घुसला, तर एका बाईने त्याचा दंड धरला. "ओ भाऊ, रांगेत या!"

"अवं, आई हाय माझी!"

"मग आमची बी आईच हाय!"

सारजाबाई रडकुंडीला आल्या होत्या. कशाबशा उतरल्या, खण-नारळ देवीच्या पायाशी ठेवून माफी मागून आल्या. परतीच्या वाटेवर चकार शब्द नाही. घर आल्यावर तेवढ्या म्हणाल्या, "देवीच्या दारात लोक माझ्या पाया पडायले. पाप कुणाच्या माथ्यावर? हितनं पुढं म्या यष्टीनं जाईन."

आणि खरंच, पुढच्या मंगळवारी त्या एसटीत बसल्या. राजशेखरने थोडा वेळ दारात काढला आणि मग जीप घेऊन एसटीच्या मागे लागला. खिडकीत आईचा पदर दिसत होता. जळकोट ते तुळजापूर त्याने तो पदर नजरेआड होऊ दिला नाही. शेजारची सीट रिकामी होती, आणि दुकानातल्या सगळ्या गोष्टी त्याच्या तोंडात तशाच राहिल्या. त्याला फार वाईट वाटलं.

दुसऱ्याच दिवशी तो बसप्पाकडे गेला. ठोकळे काढले, जुने टायर घातले, पायदान भंगारातून शोधून परत बसवलं. बलभीम काय म्हणायचं ते म्हणू दे. "भाकरी परत आल्या का शेठ?" असं तो म्हणालाच.

मंगळवारी सारजाबाई पायदानावर पाय ठेवून सहज चढल्या. राजशेखरचा जीव भांड्यात पडला. तो दुकानातली पहिली गोष्ट काढणार, तेवढ्यात रान आलं आणि सारजाबाई सीटवरून उचलल्यासारख्या झाल्या.

"दिसंना की रं."

"काय?"

"बांध. त्या दिवशी वरनं लख्ख दिसला. बलभ्यानं नांगरता नांगरता आपला बांध खाल्लाय."

राजशेखरने करकचून ब्रेक दाबला. "मग तवाच का न्हाई बोललीस?"

"एकदाच बघून कसं बोलावं? घरचाच हाय त्यो. म्हटलं, पुन्ना नीट बघावं. तर तू गाडीच बसवलीस खाली."

"अगं, तूच यष्टीनं जाते म्हणालीस!"

"रागात म्हणाले. गाडी पाड म्हणाले का?"

राजशेखरने गाडी पुन्हा चालू केली. मग सारजाबाईच हळूच म्हणाल्या, "यष्टीच्या मागं मागं यायलास, ते बघितलं म्या. वासरागत."

"मग वळून का न्हाई बघितलंस?"

"बघितलं असतं तर उतरूशी वाटलं असतं. तिकीट काढल्यालं हुतं." थोडं थांबून त्यांनी विचारलं, "ती मोठी टायरं हायत का दिलीस कुणाला?"

"गोठ्यात हायत. आन लोक पुन्ना पाया पडले तर?"

"स्टूल घेतलं की बसून कशाला ऱ्हाते म्या? आन पडलीच एखादी पोर, तर चांगलं हो म्हणायला काय जातंय?"

ठोकळे आणि मोठे टायर परत चढवताना बसप्पाने काहीच विचारलं नाही. एकाच गाडीचं तिसऱ्यांदा काम मिळालेला माणूस कशाला विचारतोय?

पुढच्या मंगळवारी शिवांजलीने सगळ्यात आधी स्टूल मागच्या सीटवर ठेवलं, मग सासूबाईंना चढवलं. रानापाशी बलभीम फावडं घेऊन उभा होता. सारजाबाईंनी जीप थांबवायला लावली, काच खाली केली आणि बांधाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश नजर फिरवली.

"काकू, लई उंच गेलाव की!" बलभीम हसून म्हणाला.

"व्हय रं. लांबचं सगळं दिसतंय आता."

बलभीमचं हसू जागच्या जागी थांबलं. त्याने बांधाकडे पाहिलं, मग काकूंकडे पाहिलं. जीप निघाली. आरशात राजशेखरला दिसलं, बलभीम फावड्याने माती उचलून बांधावर परत टाकत होता.

त्याने आईकडे पाहिलं. त्या पदर सावरून नीट टेकून बसल्या होत्या.

"हं, बोल आता," सारजाबाई म्हणाल्या. "काय काय झालं दुकानात?"