सुखदेवभाऊंचं कुएंतामे

सुखदेवभाऊंकडे मी नारळ घेऊन गेलो, हा गाढवपणा सर्वस्वी माझा. आमच्या दोन घरांत भिंत एकच. त्या भिंतीतून रोज सकाळी "दीमे, दीमे, कुएंतामे, एक्सप्लीकामे" असा एका तालातला जप ऐकू येऊ लागला होता. वहिनी गेल्यापासून भाऊ एकटेच. मला वाटलं, माणूस देवाला लागला, गुरू केला. बायको म्हणाली, "आंधी इचारून तं पाहा." पण मी कसला विचारतो! नारळ ठेवला, पायावर डोकं टेकवलं आणि म्हणालो, "भाऊ, मंत्र कोन्या महाराजांचा?"

भाऊंनी नारळ कानाशी हलवून पाणी आहे का ते पाहिलं.

"मंत्र नाही बे, स्पॅनिश होय. मोबाइलवर एक बाई शिकवते. 'दीमे' म्हंजे सांग मले. 'कुएंतामे' म्हंजे बैजवार सांग. 'एक्सप्लीकामे' म्हंजे समजावून सांग. पण हे आपल्या मानसालेच म्हनाचं. साहेबाले नाही."

"आन् समोरच्यानं उत्तर देल्लं, तं ते कसं समजते?"

"तो धडा मी घेतला नाही."

पांढुर्ण्यात भाऊंना साहेब असा कोणी नव्हताच. त्यामुळे सारं गाव त्यांचं आपलं माणूस झालं. बसस्टँडवर खिडकीत तोंड घालून म्हणत, "दीमे! सौंसरची गाडी?" आतला म्हणे, "लागून राह्यली, काका." तेवढ्यानं भाऊंचं समाधान होत नसे. जायचं नसतंच कुठे, तर गाडी लागली काय नि सुटली काय! पण एका शब्दात उत्तर आलं की ते खवळत. न्हाव्याच्या खुर्चीत अर्धी दाढी झालेली असताना उठून उभे राहत आणि "कुएंतामे!" म्हणत. संत्र्याच्या मंडीत एका व्यापाऱ्याला त्यांनी "एक्सप्लीकामे, भाव काहून पडला?" असं विचारलं. तो बिचारा नागपूरपासून दिल्लीपर्यंत समजावत गेला. भाऊ खूश.

"'दीमे' फालतू शब्द होय, रमेश," ते मला म्हणाले. "दीमे म्हटलं का लोक दोन शब्दांत वाटेले लावतात. एक्सप्लीकामेनं मानूस लांबत जाते."

बोलतानाही पाय एका जागी नसायचा. ओट्यावरून फाटकापर्यंत, फाटकातून परत ओट्यावर. त्यांच्यामागे फिरून फिरून माझी चप्पल झिजली. पोट मात्र होतं तसंच.

स्पॅनिश कशासाठी, हे सगळ्यांना ठाऊक होतं. म्हणजे ठाऊक आहे असं वाटत होतं. त्यांचा मुलगा प्रशांत स्पेनमध्ये नोकरीला. मोहगावची संत्र्याची बाग तो येऊन सांभाळेल, या भरवशावर भाऊ होते. त्यानं तिथंच लग्न केलं आणि घरी कळवलं नंतर. भाऊ फोनवर ओरडले, "आजपासून तुहा आवाज मले आयकू देऊ नको!" एरवी एक न ऐकणारं पोरगं नेमकं हेच ऐकून बसलं. दोन वर्षं झाली, आवाज नाही. पण सून लूसिया दर रविवारी दिवेलागणीला व्हिडिओ कॉल करायची; तिच्याशी बोलायलाच स्पॅनिश, असं गाव धरून चाललं होतं. तिकडे तेव्हा दुपारचं जेवण उरकलेलं असायचं.

एका रविवारी भाऊंनी मलाही बोलावून शेजारी बसवलं. "तुही नजर चांगली हाय," एवढंच म्हणाले.

पडद्यावर लूसिया टेबलाशी बसलेली. तिच्या मागे स्वयंपाकघराचा ओटा, आणि ओट्याशी आमच्याकडे पाठ करून प्रशांत भांडी घासत होता.

"कुएंतामे!" भाऊंनी हुकूम सोडला. पोरगी हसून बोलायला लागली. हातवारे काय, डोळे काय! मी हळूच विचारलं, "काय म्हनून राह्यली?"

"मले काय माईत? मांगं पाय. वाळला का बे तो?"

"नाही भाऊ. शर्ट ढिला हाय."

"शर्ट ढिला म्हंजे वाळलाच न!"

ती थांबली. "एक्सप्लीकामे!" ती पुन्हा सुरू. मागे भांडी कमी होत चालली, तसा भाऊंचा पाय जोरात हलू लागला. शेवटचं ताट निथळत ठेवलं गेलं. नळ बंद झाला. प्रशांत हात पुसू लागला. भाऊंनी होता नव्हता तो दारूगोळा एकदम काढला, "दीमे! कुएंतामे! एक्सप्लीकामे!" पोरगी भांबावली. मग भाऊंची स्पॅनिश संपली.

"सांग न वो बाई," ते म्हणाले. "आखीन काही तरी सांग न."

तिला ते कळलं नसावं. पण मागची पाठ जागच्या जागी थांबली. न वळताच आवाज आला,

"बाबा, मोबाइल जरासा खाली धरा. दर खेपेले नुसतं कपाळ दिसते तुमचं."

भाऊंनी दोन्ही हातांनी मोबाइल खाली केला. तो भलताच खाली गेला.

"आता?"

"आता बनियान दिसून राह्यली."

मी उठलो आणि माझी चप्पल तिथंच सोडून अनवाणी घरी आलो.

बायको मेथी निवडत होती. मी तिला सगळं सांगितलं, थोडं रडवेलं करून. वर म्हणालो, "पाहा, बापाचं डोकं! पोरगं दिसावं म्हनून सुनेले बोलतं ठेवत व्हते. अन् तिले पत्ताच नाही."

तिनं एक पिवळं पान बाजूला काढलं.

"दर रविवारी भांड्याच्याच वक्ताले फोन लावते," ती म्हणाली, "आन् मोबाइल बरोबर ओट्याकडं तोंड करून ठेवते. तुमाले काय वाटलं, भाऊच्या स्पॅनिशसाठी?"