पहिल्या घासातली गोळी

रामकिसनचं एक मोठं वाईट होतं. विचारलं तर हा माणूस बोलायचा म्हणून नाही! जेवलात? मान हलणार. पोट भरलं? मान हलणार. अन् मग दिवसभर झाडाला अंग घासणाऱ्या रेड्यासारखी चौकटीला पाठ घासत बसणार!

त्याची बायको मनकर्णाबाई शाळेत दुसरीपर्यंतच गेलेली, पण नवऱ्याचा आजार तिला तोंडपाठ होता. किडन्या गेलेल्या, आठवड्यातून दोनदा आसेगावहून वाशीमला डायलिसिस. पोरगेल्या डॉक्टरनं बजावलं होतं, "आजी, खाण्यातलं फॉस्फरस रक्तात साचतं, मशीनला सगळं काढता येत नाही. म्हणून खाज सुटते, पुढं हाडंही ठिसूळ होतात. ही गोळी ते पोटातच धरून ठेवते. पण जेवणासोबतच द्यायची हं! पहिल्या घासासोबत, चावून."

"तुमी बिनघोर राहा," मनकर्णाबाई म्हणाली. "मी हातात घेतलेलं काम आजलोक फसलं नाई!"

आता रामकिसनला भरल्या ताटात औषध खपत नसे. "अन्न हाये थे, दवाखाना नाई," एवढं एकच वाक्य तो त्या महिन्यात बोलला. मग मनकर्णाबाईनं डोकं चालवलं. पोळीचा पहिला घास स्वतः मोडायचा, आत गोळी दाबायची, वर वांग्याची भाजी लावायची. देवालाही पत्ता लागू नये असा घास! तो ताटात ठेवून ती गरम पोळी आणायला चुलीकडं जायची. परत येते तर घास गायब!

"कडक लागलं काय वो काही?"

मान नाही म्हणून हलायची. मनकर्णाबाई मनात ताशे वाजवायची.

महिन्यानं रक्ताचा रिपोर्ट आला. फॉस्फरस उतरायचं सोडून चढलं होतं! डॉक्टरनं विचारलं, "आजोबा बाहेर काही खातात का? खवा, पेढे, शेंगदाणे?"

झालं! गोळी तर ती स्वतः देत होती. म्हणजे बुढा चोरून खातो! दुसऱ्या दिवशी ग्रामपंचायतीच्या भोंग्यातून तिचा आवाज गावभर फिरला. "रामकिसनले कोणी पेढा चारला तं गाठ मनकर्णाबाईशी हाये!" गावाला धडकी भरली. एका बारशाच्या पंगतीत बुंदीवाला रामकिसनपर्यंत आला अन् ताटात नाग बसल्यासारखा मागच्या मागं पळाला! सून मंजुषा सासऱ्याला चहा द्यायलाही भिऊ लागली. मनकर्णाबाई रोज नवऱ्याच्या बंडीचे खिसे उलटे करायची, तोंडाचा वास घ्यायची. शेजारच्या भागिरथाला तर तिनं भर रस्त्यात धरलं.

"तू खीर चारून राह्यली काय वं त्याले?"

"माह्या पोरायले पुरत नाई खीर, तुह्या बुढ्याले कुठून चारू? शुद्धीवर ये!"

दुसऱ्या महिन्याचा रिपोर्ट आणखी वर! नवऱ्याच्या पाठीवर खाजवून खाजवून रक्ताच्या रेघा उठल्या होत्या. मनकर्णाबाई त्यावर खोबरेल लावत बसली. हा असा उभा वाळत जाणार काय, या विचारात तिनं अर्धी बाटली रिकामी केली.

तेवढ्यात भागिरथा सारवायला शेण न्यायला आली अन् गोठ्यातून किंचाळली, "मनकर्णे! इकडं ये, तुहा चोर सापडला!"

जाऊन पाहते तर काय! गव्हाणीच्या कोपऱ्यात पांढऱ्या गोळ्यांचा ढीग! गायीनं पोळी खाऊन एकेक गोळी नीट बाजूला काढलेली.

भागिरथा पदर तोंडाला लावून हसली. "बुढा चोर नाई वं, तुही गाय हुशार हाये!"

सासूच्या काळापासून या घरात जेवणाचा पहिला घास गायीचा. रामकिसन तो ताटाबाहेर काढून ठेवायचा अन् उठताना गायीला द्यायचा. चाळीस वर्षं रोज डोळ्यांपुढं घडणारी गोष्ट, पण त्या घासात गोळी दाबताना मनकर्णाबाईला आठवेल तर शपथ!

"पहिला घास कोणाचा असते, तुले ठाऊक नाई?" रामकिसन म्हणाला. "अन् आत गोळी हाये, हे सांगतलं कुठं मले?"

त्या दिवशी मनकर्णाबाईनं गोळी उघडी ताटात ठेवली अन् चुलीकडं न जाता पुढ्यात मांडी घालून बसली. "गायीचा घास काढा. आता दुसरा घास अन् ही गोळी. चावा! अन्न काही बाटत नाई." तिचे डोळे पाहून रामकिसननं मुकाट्यानं चावली.

पुढच्या महिन्यात फॉस्फरस धाडकन उतरलं! डॉक्टर खुर्चीतून उठलाच. "आजी, कमाल केली! कसं जमवलं?"

"बापू, तुमचंच चुकत होतं," मनकर्णाबाई म्हणाली. "पहिला नाई, दुसरा घास!" डॉक्टर डोकं खाजवत राहिला अन् ती बाकावरच्या साऱ्या बायकांना दुसरा घास समजावून आली.

परतीच्या बसमध्ये रामकिसनचे हात मांडीवर शांत पडले होते. खाजवायला काही उरलंच नव्हतं! मंगरूळपीर मागं पडल्यावर त्यानं तोंड उघडलं.

"महिनाभर साऱ्या गावात मले चोर केलं. गोळ्या गायीले गेल्या, हे डॉक्टराले नाई सांगतलं तू. चूक कोणाची होती?"

मनकर्णाबाईनं खिडकीबाहेर पाहिलं, पदर सावरला अन् साऱ्या बसला ऐकू जाईल असा निकाल दिला, "तुमची! गायीनं थुकल्या त्या गोळ्या तुमच्या हातच्या होत्या. माह्या हातची तुमाले थुकता आली काय?"