खांबांचा ताप

गफ्फारचाचा कुठल्याही लोखंडी खांबाला आधी उलटा हात लावायचे, आपण आजारी लेकराच्या कपाळाला लावतो तसा. एसटी स्टँडचा खांब असो की हॉटेलच्या पत्र्याचा. "ताप न्हाई. बसा आता," म्हणायचे आणि मगच चहा मागवायचे.

कुंभार पिंपळगावला आमच्या कापसाच्या जिनिंगचं शेड त्यांनीच वेल्डिंग करून उभं केलं. मी तिथला सुपरवायझर. खांब उभे राहिल्यावर चाचांनी हट्टाने प्रत्येकाभोवती विटांचं कवच बांधून घेतलं. मी हसलो. "चाचा, लोखंड काय जळतंय का?"

"जळत न्हाई, साहेब. नरम होतं. लाकूड कडकडतं, बोंबलतं, मंग पडतं. लोखंड बिलकुल बोलत न्हाई."

मी पडलो शहाणा. सायकल बांधायची साखळी त्या जाड कवचाला पुरेना, म्हणून माझ्या टेबलामागच्या खांबाच्या विटा मी फोडून टाकल्या. चाचा रोज त्या उघड्या खांबाला हात लावायचे आणि माझ्याकडे बघायचे. मी रजिस्टरात बघायचो.

एका दुपारी कापूस पेटला. सगळे बाहेर पळाले. मीही पळालो आणि सायकल आठवून परत आत शिरलो! आग पार त्या टोकाला होती. धूर मात्र वर पत्र्याखाली दाटलेला. खांब जसाच्या तसा, लालसुद्धा नाही. घाईत कुलपाची किल्ली पडली. ती उचलून बघतो तर सायकल चार बोटं सरकलेली. मी तिला हात लावला नव्हता. मघाची ढिली साखळी ताठ झाली होती. आवाज कसलाच नाही. सायकल पुन्हा सरकली.

तेवढ्यात चाचा आले. खांबाला उलटा हात लावला. चर्र झालं. "खाली एवढा ताप, तर वर किती असंल! चल जल्दी!" आणि माझी गचांडी धरून ओढत नेलं.

बाहेरून वळून पाहिलं. विटांतले खांब ताठ उभे. माझा तेवढा कमरेत वाकत गेला, मुकाट, कुणाला मुजरा करावा तसा. मग त्या कोपऱ्याचा पत्रा खाली आला.

चार दिवसांनी त्यांच्या घरी गेलो. हाताला पट्टी होती. अंगणात तसाच एक वाकलेला खांब रोवलेला.

"जुन्या मिलचा," चाचा म्हणाले. "आग लागल्ती. माझा धाकटा भाऊ म्हनला, वेल्डिंगची मशीन आत राह्यली. मीच म्हनलो, जा, घेऊन ये. लोखंड काय जळतंय का."

चाचांनी चांगला हात त्या खांबाला लावला. "थंड हाय."

मग तोच हात उलटा करून माझ्या कपाळावर ठेवला. बराच वेळ काढलाच नाही.