पंचावन्न किलोंचा पुरावा

लातूरच्या क्रीडासंकुलात सकाळी सात वाजता मल्लिनाथ वजनकाट्यावर उभा राहिला आणि काट्याने छप्पन्न किलो दाखवले. मल्लिनाथ पंचावन्न किलो गटाचा पैलवान होता. सतरा वर्षांखालील राष्ट्रीय कुस्ती स्पर्धा त्याच दिवशी सुरू होणार होती. सातचे वजन केवळ चाचणीचे असले, तरी दहा वाजता अधिकृत वजन व्हायचे ते याच काट्यावर. आणि कुस्तीच्या नियमांत पंचावन्न म्हणजे पंचावन्नच असतात. त्यावर पन्नास ग्रॅम जरी भरले, तरी पैलवानाला गादीवर पाऊल ठेवता येत नाही.

रामकिशन वस्तादांनी प्रथम आकड्याकडे पाहिले, मग मुलाकडे. आदल्या दिवशी संध्याकाळी अर्धापूरहून निघताना याच मुलाचे वजन चोपन्न किलो दोनशे ग्रॅम भरले होते, आणि ते त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी वाचले होते.

"रात्री काय खाल्लंस?"

"दोन केळं अन् वाटीभर वरण, वस्ताद."

"पावणेदोन किलो वरण मावतं ती वाटी मला बघायची हाय."

वस्तादांच्या संशयात एक उणीव होती. झोपलेल्या माणसाचे वजन रात्रीत थोडे उतरतेच. म्हणजे सकाळी एवढी वाढ दिसायची तर मल्लिनाथाने दोन किलोंहून अधिक काही खाल्लेले असले पाहिजे. शेजारच्या खाटेवर झोपलेला नांदेडचा यासेर, महाराष्ट्राच्या संघातला एकशे दहा किलो गटाचा मल्ल, याबाबत साक्षीदार म्हणून पुढे आला. दोन किलो खाणे आपल्या शेजारी आले असते तर आपण झोपून राहिलो असतो हे शक्यच नाही, असे त्याने सांगितले. साक्षीदाराचा लौकिक पाहता ही साक्ष कोणालाही मान्य करावी लागली असती.

मग यासेर स्वतःच काट्यावर चढला. आदल्या दिवशी अर्धापूरच्या काट्यावर तो सत्त्याण्णव किलो होता. इथे शंभर किलो दोनशे ग्रॅम भरला. त्याचा गट एकशे दहाचा असल्यामुळे त्याला काळजी नव्हती, उलट शंभरी गाठल्याचा त्याला आनंदच झाला. वस्ताद मात्र मनात हिशोब मांडू लागले. त्यांचे शिक्षण सातवीपर्यंत झाले होते; परंतु तीस वर्षे पोरांची वजने चढवण्या-उतरवण्यात गेल्यामुळे त्रैराशिक त्यांच्या हाडांत मुरलेले होते.

"दोन पोरं सारख्याच हिशोबानं फुगत न्हाईत," ते म्हणाले. "एक काटा खोटा हाय. कोणचा, तेवढं कळलं पायजे."

अर्धापूरचा काटा मल्लिनाथाच्या वडिलांचा होता. वैजनाथशेट केळीचे व्यापारी. तालमीतला स्प्रिंगचा काटा बिघडल्यापासून त्यांनी आपल्या वखारीतला मोठा काटा पैलवानांसाठी खुला केला होता, आणि गेले तीन महिने मल्लिनाथ रोज सकाळी केळीच्या दोन खेपांच्या मध्ये त्यावर उभा राहून वजन करून घेत होता. राज्याच्या निवड चाचणीत दोन किलोंची सवलत होती, त्यामुळे तिथे कोणताही फरक उघडकीस आला नाही.

वैजनाथशेट त्या वेळी शेजारीच उभे होते. काट्याचा प्रश्न निघताच त्यांच्या तोंडून सवयीने निघून गेले, "आपला काटा सोन्यासारखा हाय. इथलाच खोटा."

हे बोलून झाल्यावर त्यांनी छप्पन्न हा आकडा पुन्हा एकदा पाहिला, आणि त्यांचा चेहरा हळूहळू उतरू लागला.

वैजनाथशेटांचा काटा शंभर किलोंमागे तीन किलोंहून थोडे अधिक कमी दाखवत असे. हे आपोआप झालेले नव्हते. व्यापारी केळी विकत घेताना तोलतो. त्याला कमी दाखवणारा काटाच सोयीचा असतो, आणि नऊ वर्षांपूर्वी काटा नवा असतानाच शेटांनी एका कारागिराकडून ती सोय करून घेतली होती. आता कोणी विचारील, की ज्याने काटा स्वतः बिघडवला त्याने आपल्या मुलाला त्यावर उभे करावेच का? प्रश्न तर्काला धरून आहे, परंतु मनुष्यस्वभावाला धरून नाही. जो आकडा माणूस नऊ वर्षे रोज मोठ्याने वाचून दाखवतो, त्यावर शेवटी त्याचाही विश्वास बसतो. शेटांना आपला काटा खरा वाटत होता. तो खोटा असल्याचे त्यांना आठवले ते लातुरात, सात वाजून दहा मिनिटांनी.

वजनाचे प्रमुख फारूक सर हे लातूरचेच निवृत्त क्रीडाशिक्षक. आवाज न चढवता समोरच्याला खाली बसवण्याची त्यांची ख्याती होती. त्यांनी काट्याचे प्रमाणपत्र टेबलावर ठेवले आणि वस्तादांना दोन वाटा समजावून सांगितल्या. आक्षेप असेल तर तो लेखी द्यावा. वजनमापवाले येऊन काटा तपासतील. मात्र तोवर आक्षेप घेणाऱ्या पैलवानाने याच खोलीत खुर्चीवर बसून राहायचे, धावायचे नाही, घाम काढायचा नाही. आक्षेप नसेल तर मैदान मोकळे आहे; दहापर्यंत त्याने हवे तेवढे पळावे.

"मतलब बसायचं का पळायचं, ते तुम्ही ठरवा, वस्ताद," ते म्हणाले. "दोन्ही एकदम न्हाई होणार."

एका किलोचा घाम काढायला वस्तादांना किमान दोन तास हवे होते. काटा खोटा असेल तर पोराला उगाच पिळून काढून दुपारच्या कुस्तीत दुबळे करायचे. खरा असेल तर बसून राहण्यात स्पर्धाच हातची घालवायची. निर्णय एकाच गोष्टीवर अडला होता, आणि ती गोष्ट त्या खोलीत एकाच माणसाला ठाऊक होती. त्या माणसाने बोलण्यासाठी तोंड उघडले, आणि नेमक्या त्याच क्षणी अर्धापूरचा टेम्पो फाटकातून आत आला.

टेम्पोत बावीस केळी उत्पादक होते, एक हलगी होती, आणि सर्वांच्या पुढे पाच एकर केळीची मालकीण नागाबाई होती. शेटच्या पोराची राष्ट्रीय कुस्ती पाहायला ही मंडळी पहाटेच निघाली होती. ते खाली उतरताच यासेरने त्यांना सारा प्रकार सांगितला. सांगण्यात त्याचा हेतू निर्मळ होता. परिणाम मात्र भयंकर झाला.

"आमच्या शेटचा काटा खोटा?" नागाबाईने थेट फारूक सरांनाच गाठले. "साहेब, नऊ वर्षं झाली, आमचे घड त्याच काट्यावर जाऊन राहिलेत. एक डाव आमी शब्द काढला न्हाई. तुमचा हा काटा कालचा आलेला, अन् तुमी आमाला शिकवता?"

मागच्या एकवीस जणांनी "हाव, बरोबर" म्हणून दुजोरा दिला. एकाने शेटच्या काट्यावर डोळे मिटून माल टाकतो असे सांगितले; दुसऱ्याने, आपल्या सोयरिकीत वाद झाला तरी तराजू शेटच्या हातात देऊ, अशी भर घातली. प्रत्येक वाक्यागणिक शेटांची किंमत वाढत होती आणि त्यांना बोलणे अधिकाधिक महाग पडत चालले होते. ते मधूनमधून "जाऊ द्या, नागाबाई" एवढेच म्हणत. लोकांनी ही त्यांची विनयशीलता समजली.

घड्याळात पावणेआठ झाले. मल्लिनाथ खुर्चीच्या काठावर बसून बुटाची नाडी कधी बांधत होता, कधी सोडत होता.

"आप्पा," तो वडिलांना हळूच म्हणाला, "पळू का बसू, तेवढं सांगा की."

तेव्हा नागाबाईने हा वाद कायमचा मिटवण्याचे ठरवले. तिच्या दृष्टीने उपाय अगदी सरळ होता. तिने शेटांचा उजवा हात मनगटाशी धरला आणि मल्लिनाथाच्या डोक्याकडे नेला.

"ल्योकाच्या डोक्यावर हात ठिवून सांगा यांना, शेट. आपला काटा खरा हाय म्हणून. मग बघते, कोण बोलतं ते."

शेटांचा हात मुलाच्या केसांपासून चार बोटांवर येऊन थांबला. नागाबाईने तो खाली दाबला, तरी खाली गेला नाही. शेतात राबलेल्या बाईच्या ताकदीपुढे केळीच्या व्यापाऱ्याने एवढा टिकाव धरावा, ही त्या दिवशीची पहिली कुस्तीच म्हटली पाहिजे. शेवटी शेटांनी हात सोडवून घेतला, वस्तादांना खांद्याला धरून भिंतीशी नेले आणि त्यांच्या कानाशी तोंड नेऊन काहीतरी कुजबुजले.

जुन्या पैलवानांचे कान कुस्तीत चेपून गेलेले असतात. वस्तादांचा डावा कान तर पिळून वाळवलेल्या चिंचेसारखा झाला होता, आणि शेटांनी नेमका तोच निवडला होता.

"त्या कानात काय बी शिरत न्हाई, शेट," वस्ताद म्हणाले. "मोठ्यानं बोला."

शेट किंचित मोठ्याने बोलले.

"इथला खरा, हे कळलं. मंग आपला?"

"वस्ताद, हळू."

"आठ वाजून राहिले, शेट. पोराचं नुकसान करू नका. आपला काय?"

वैजनाथशेटांनी एकदा मुलाकडे पाहिले. मग डोळे मिटून, वखारीत आकडा सांगतात त्या खणखणीत आवाजात ते म्हणाले, "आपला काटा शंभराला तीन किलो कमी दाखवतो. मीच बसवलाय तसा. आता पोराला पळवा."

नैतिक मूल्यमापनात वेळ न घालवणारा तिथे एकच माणूस होता. "मंग हे आधी सांगायचं न्हाई का?" वस्ताद वैतागले. "पन्नास मिनटं वाया घालवली." आणि त्यांनी मल्लिनाथाला दंडाला धरून मैदानावर काढले.

बावीस जणांच्या नजरा शेटांवर खिळल्या होत्या. कोणाचे ओठ हलत होते. तो संताप नव्हता, नऊ वर्षांची बेरीज होती. हलगीवाल्याने काठी उगारली ती वाजवण्यासाठीच, असे खात्रीने सांगता आले नसते. नागाबाईने त्याचा हात खाली केला.

"आधी पोराचं उतरू द्या," ती म्हणाली. "आपलं चढवायचं मागून बघू. शेट कुठं पळून चालले?"

शेट खरोखरच पळत होते. पण मुलाच्या मागे. मल्लिनाथाच्या अंगावर दोन ट्रॅकसूट आणि वर यासेरचा ढगळ कोट होता. सत्काराच्या तयारीने आणलेली शाल डोक्याला गुंडाळली होती. सोबत म्हणून यासेर दोन फेऱ्या धावला आणि मग, आपले काम शंभरी टिकवण्याचे आहे, असे सांगून बसला. अर्धापूरकर मैदानाच्या कडेने उभे राहिले. हलगी सुरू झाली. मल्लिनाथाचा वेग मंदावला की ती चढे. शेटांचा मंदावला की आणखी चढे. साडेनऊपर्यंत बाप आणि मुलगा यांपैकी कोणाचे किती उतरले असेल, हे सांगणे अवघड होते.

दहा वाजता मल्लिनाथ काट्यावर चढला. चोपन्न किलो नऊशे पन्नास ग्रॅम. फारूक सरांनी आकडा वाचला, नोंदवहीत लिहिला आणि पुढच्या पैलवानाला हाक मारली. तेवढ्यात नागाबाई टेबलाशी आली आणि पोराच्या वजनाची सहीनिशी चिठ्ठी तिने मागितली.

"ऐसी चिठ्ठी आजवर कुणी मागितली न्हाई, मावशी," फारूक सर म्हणाले. "तुम्हाला कशाला?"

"आमाला लागती," नागाबाई म्हणाली. फारूक सरांनी तिच्या चेहऱ्याकडे पाहिले आणि पुढे काही न विचारता सही केली.

मल्लिनाथाने त्या स्पर्धेत तीन कुस्त्या जिंकल्या, एक गमावली आणि कांस्यपदक मिळवले. अर्धापूरला त्याची मिरवणूक निघाली. नागाबाईने त्याच्या गळ्यात सर्वांत मोठा हार घातला आणि दुसऱ्याच दिवशी सकाळी ती बाकीच्या एकवीस जणांसह वखारीत हजर झाली. शेटांनी काटा दुरुस्त करून ठेवला होता. आता तो अगदी खरा आहे, असे ते शपथेवर सांगायला तयार होते. मंडळींना शपथ नको होती. त्यांनी चिठ्ठी भिंतीला चिकटवली आणि मल्लिनाथाला बोलावले.

काटा तपासायला बाजारात लोखंडी वजने मिळतात, हे शेटांनी सांगून पाहिले.

"लोखंड आतून पोखरता येतं, शेट," नागाबाई म्हणाली. "हे पोरगं सरकारी काट्यावर तोललेलं हाय. पोरानं चोपन्न नऊशे पन्नास दाखवलं, तरच आमचा माल चढंल."

तेव्हापासून केळीच्या प्रत्येक खेपेपूर्वी मल्लिनाथ काट्यावर उभा राहतो, आणि काटा त्याच्या चिठ्ठीशी जुळवला जातो. या पद्धतीतला दोष सर्वांत आधी शेटांच्या लक्षात आला. मुलगा जितका जाड, तितका जुळवलेला काटा कमी दाखवणार. म्हणून त्यांनी पत्नीला, अयोध्याबाईंना, पोराच्या ताटात तूप वाढवायला सांगितले. दोनच दिवसांत तो दोष नागाबाईच्याही लक्षात आला. मुलगा जितका सडसडीत, तितका बावीस जणांचा फायदा. तीस वर्षे पोरांच्या खाण्यावर एकट्याने पहारा देणाऱ्या रामकिशन वस्तादांना आता बावीस मदतनीस मिळाले आहेत, आणि ते कमालीचे खुशीत आहेत.

परवाच मल्लिनाथाने वखारीत एक केळ सोलले. घास घेणार, तोच मागून हात आला आणि केळ काढून घेतले गेले.

"काकू, मी राष्ट्रीय पदक आणलंय," तो कळवळून म्हणाला. "एक केळ बी न्हाई का?"

"तुझंच हाय, बाळा," नागाबाई म्हणाली. "माल चढला की खा."