अर्ध्या मिशीची कंटिन्युटी

सुदामतात्यांना मिशी होती, पण एकाच बाजूला. उजवीकडे झुबकेदार, काळीभोर, टोकाला पीळ दिलेली, डावीकडे गुळगुळीत. पुणतांब्यात आमच्या शेजारचं घर घेऊन ते राहायला आले तेव्हा मला वाटलं, दाढी करताना लाईट गेली असावी. शेजारधर्म म्हणून मी घरातला आरसा घेऊन गेलो.

"काका, राग मानू नका, पण तुमची डावीकडची चुकून गेलीय."

त्यांनी आरसा घेतला, शांतपणे पाहिलं आणि परत दिला. "चुकून न्हाई. कंटिन्युटी हाय."

मला तो एखादा आजार वाटला. पुढचा आठवडाभर मी बायकोला त्यांच्याकडे मुगाची खिचडी पाठवायला लावली.

उलगडा झाला तो पानाच्या टपरीवर. हे म्हणजे एकेकाळी मराठी पिक्चरमध्ये विहिरीत, शेणात आणि सासऱ्याच्या अंगावर पडणारे ते सुदाम! जत्रेतल्या तंबूत त्यांची नुसती टोपी पडद्यावर आली तरी पब्लिक शिट्ट्या मारायचं. मीही मारल्या होत्या. ओळखलं मात्र नाही, कारण पडद्यावर ते कायम पडत असायचे; सरळ उभे मी त्यांना पहिल्यांदाच पाहत होतो.

त्यांच्या शेवटच्या पिक्चरमध्ये न्हावी त्यांची अर्धी मिशी उतरवतो, तेवढ्यात बाहेर भांडण लागतं आणि तो वस्तऱ्यासकट पळून जातो. पुढचं सगळं पिक्चर अर्ध्या मिशीवर. शेवटी न्हावी परत येतो आणि राहिलेली उतरवतो. तो एक सीन बाकी असताना शूटिंग थांबलं. निर्माता म्हणाला, "आधीच्या सीनशी जुळायला हवं, कंटिन्युटी! मिशी आहे तशीच ठेवा, कधीही फोन करेन." हे कधी झालं असं विचारलं की तात्या "परवा" म्हणायचे. त्या परवात आमची मुलगी बालवाडीतून कॉलेजात गेली.

रोज सकाळी ओट्यावर कार्यक्रम असायचा. तात्या खुर्चीत तोंड वर करून बसायचे. त्यांच्या पत्नी मालनकाकू शूटिंगच्या वेळचा फोटो त्यांच्या गालाशी धरून, लहानशा कात्रीने मिशी फोटोबरहुकूम कातरायच्या. पांढरं डोकावलं तर जुन्या टूथब्रशने कलप.

"हलू नका. बोलू नका. हसू नका म्हनते ना."

अख्ख्या महाराष्ट्राला हसवलेल्या माणसाला हसू नका म्हणणारी ही एकटीच बाई. मग त्या दोन पावलं मागे जायच्या, मान तिरकी करून बघायच्या आणि म्हणायच्या, "जमलं. आता फोन आला तरी हरकत न्हाई."

फोन काही येत नव्हता. मध्यंतरी एका सिरियलवाल्यांनी तात्यांना आजोबा करायला बोलावलं, पण मिशी काढायची अट होती. "त्या बिचाऱ्या निर्मात्याची पंचाईत हुईल," म्हणून तात्यांनी नाही म्हटलं. हळूहळू त्यांची कीर्ती उरली ती मोबाईलमधल्या स्टिकरपुरती. दात काढून हसणारे तात्या गावातली पोरं एकमेकांना दिवसभर पाठवायची. हाच माणूस रोज समोरून पिशवी घेऊन जातो याचा त्यांना पत्ता नव्हता.

मालनकाकू गेल्या तेव्हा गल्लीच्या ग्रुपवर मी हात जोडलेलं स्टिकर टाकायला गेलो आणि बोट सरकलं. भावपूर्ण श्रद्धांजलीच्या खाली दात काढून हसणारे खुद्द तात्या. मी ते पुसेपर्यंत अख्ख्या गल्लीने पाहिलं. दोघांनी अंगठाही दिला. माफी मागायला गेलो तर तात्या म्हणाले, "असू दे. तिला त्यो फोटू आवडत न्हवता. दात लई दिसत्यात म्हनायची."

मूलबाळ नव्हतं, त्यामुळे क्रियेला तात्याच बसणार होते. आमच्याकडे क्रियेला बसणाऱ्याचे डोक्यावरचे केस आणि मिशी, दोन्ही दहाव्याला उतरवतात. हे मला आदल्या दिवशी जेवताना आठवलं. मिशी गेली की पिक्चर गेलं, आणि पिक्चर गेलं की त्या माणसाकडे वाट बघायलासुद्धा काही उरत नव्हतं. मी ठरवलं, मिशी वाचवायची.

गोदावरीच्या घाटावर मी गुरुजींना बाजूला घेतलं. "गुरुजी, केस उतरवा, पण मिशी राहू द्या. कंटिन्युटी आहे."

गुरुजी विचारात पडले. "कोणत्या शाखेत?"

"सिनेमाच्या."

बराच खल झाला. शेवटी "मुळात अर्धीच आहे, तर दोषही अर्धा. पंचगव्यावर भागवू," असा तोडगा निघाला. वस्तरा घेऊन आलेले गणपतराव तर आधीपासूनच माझ्या बाजूचे. "तात्या आपलं गिऱ्हाईक, असं मी राहात्यापर्यंत सांगत असतो. ती मिशी म्याच काढली म्हनल्यावर तोंड कुठं दाखवू?"

मी विजयी मुद्रेने पायऱ्या उतरलो. तात्या ओल्या पंच्यात पाण्याकडे बघत बसले होते. "तात्या, काळजी सोडा. मिशी राहतेय."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग गणपतरावांकडे. "गणपत, पिक्चरमदला न्हावी पळून गेला. तू तरी पळू नको. ये, राहिलेला सीन घेऊन टाकू."

चार-पाच जण हसले आणि मग हसायचं होतं की नाही ते न कळून खोकले. मी दोन्ही केलं. गणपतराव वस्तऱ्याला नुसतीच धार लावत बसले, तेव्हा तात्यांनीच त्यांचं मनगट धरून ओठाशी आणलं.

दोन्ही बाजू सारख्या झालेले तात्या मला ओळखूच येईनात. पिंडाला नमस्कार करून वळलो आणि त्यांनाच विचारलं, "तात्या कुठं गेले?"

"हितंच हाय. बस."

मी शेजारी बसलो. राहवेना. "पण तात्या, उद्या फोन आला म्हणजे?"

"कसला फोन? त्यो निर्माता कवाच मेला. पिक्चर त्याच्या बी आदी मेलं."

"मग काकूंना..."

"न्हाई सांगितलं." ते ओठावरून बोट फिरवत होते, उजव्या बाजूने. "अरं, रोज सकाळी ती माझं तोंड हातात धरून बघायची. पिक्चर बंद पडलं म्हनलो असतो, तर कशाला बघितलं असतं?"

आता मी खरा गोंधळलो. कारण एकदा कात्री पुसताना काकू मला म्हणाल्या होत्या, "फोन काय येत न्हाई आता. पन त्यांना बोलू नका. रोज माझ्याम्होरं बसत्यात तेवढं गुमान." हे तात्यांना सांगावं की सांगू नये? कोण कोणाला फसवत होतं, ते मला आजही नीट उमगलेलं नाही. मी तोंड उघडलं की काय होतं याचा अनुभव असल्याने, त्या दिवशी ते मिटून ठेवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा घेऊन गेलो. तात्या ओट्यावर खुर्चीत तोंड वर करून बसले होते. मांडीवर फोटो. मी कप ठेवला. काय करावं सुचेना, म्हणून फोटो उचलला आणि त्यांच्या गालाशी धरला. फोटोत मिशी, इकडे नुसता ओठ. नीट दिसावं म्हणून दोन पावलं मागे गेलो, ओट्याची कड संपली आणि मी खाली तुळशीपाशी जाऊन पडलो.

तात्यांनी मान हलवली नाही. हलायचं नसतं, हे त्यांच्या अंगवळणी पडलेलं.

"जमलं," मी खालूनच म्हणालो.

ते तसेच बसून राहिले.

"पुढचं म्हन की."

मी तिथंच, मातीत बसून, पुढचं म्हटलं.