अदबशीर रोबो

"आपला रोबो चुकणं शक्यच नाही!" विशाखा मॅडमनी सकाळीच जाहीर करून टाकलं. रोज शहरातल्या पुंडलिकनगरहून फुलंब्रीजवळच्या खेड्यातल्या शाळेत येऊन त्यांनी चौथीच्या पोरांकडून तो बनवून घेतला होता. चार चाकं, अंतर मोजणारे दोन गोल डोळे आणि डोक्यावर गुलाब ठेवायला ताटली. वीतभरावर कुणी आलं की थांबायचं, अगदी नाकाशी आलं की मागे सरायचं, एवढं ज्ञान पोरांनी त्याच्यात ठासून भरलं होतं.

आज तपासणीला शिक्षण खात्याचे तात्यासाहेब येणार होते. रोबोनं त्यांना गुलाब दिला की शाळेला रोबोंची प्रयोगशाळा! नाही दिला, तर ती जाणार गंगापूरच्या शाळेला.

तात्यासाहेब आले. मॅडमनी बटण दाबलं. रोबो ऐटीत निघाला... मागे!

"लाजतो का काय हा?" तात्यासाहेब दोन पावलं पुढे झाले. रोबो आणखी मागे. साहेबांनी हात लांबवला, तरी हा मागेच! व्हरांडा संपला, उतार लागला, मैदान आलं. उलटा पळणारा रोबो, त्याच्यामागे साहेब, साहेबांमागे मुख्याध्यापक सोमनाथ सर आणि सगळ्यांमागे दीडशे पोरं!

"कुणी हात लावला याला?" मॅडम धापा टाकत ओरडल्या.

"म्या!" खिचडी शिजवणाऱ्या मनकर्णाबाई म्हणाल्या. "खंडेनवमी हाय न आज! पळी पुजली, पातेलं पुजलं, मंग ह्यालाच कसं बिनपूजेचं ठिवायचं? दोन्ही डोळ्यायला कुंकू लावलं, चांगलं दाबून!"

झालं! बिचाऱ्याला वाटत होतं, नाकालाच भिंत चिकटलीय. गेली प्रयोगशाळा!

रोबो कुंपणाला धडकून थांबला. तात्यासाहेबांनी घाम पुसला, गुलाब उचलला आणि रोबोला चक्क हात जोडले.

"मॅडम, पाठ न दाखवता मागं सरला हो! एवढी अदब निजामाच्या दरबारात बी नसंल! लई संस्कार केले तुम्ही. प्रयोगशाळा मंजूर!"

मॅडमनी खरं सांगायला तोंड उघडलं.

"फक्त," तात्यासाहेब म्हणाले, "पुढच्या महिन्यात जिल्ह्याच्या प्रदर्शनात मोठ्या साहेबांपुढं अस्संच झालं पाहिजे!"

मॅडमनी तोंड मिटलं.

"मॅडम, ह्याचे डोळे पुसू का?" चौथीतली मेघा ओला फडका घेऊन धावत आली.

"खबरदार!" मॅडमनी घाईघाईनं वही-पेन काढलं. "मनकर्णाबाई, नीट आठवून सांगा. एकेका डोळ्याला किती चिमटी कुंकू?"