कुणाच्या पलीकडं?

किसनआबांसमोर कुणी 'पलीकडं' म्हटलं की ते हातातलं काम टाकून विचारत, "कुणाच्या पलीकडं?" आणि उत्तर मिळेपर्यंत समोरच्याला हलू देत नसत.

नव्वदनंतरच्या त्या वर्षांत मी लासुर्ण्याजवळच्या आमच्या गावात पोस्टमन होतो. ओढ्याच्या एका अंगाला गाव, दुसऱ्या अंगाला बौद्ध वस्ती. सगळं गाव वस्तीला 'पलीकडं' म्हणे. मीही म्हणायचो, त्यात काही वावगं आहे असं मनातही आलं नव्हतं. कारखान्यात फिटर म्हणून हयात काढलेले, वस्तीतच राहणारे आबा मात्र गावालाच 'पलीकडं' म्हणत. सरपंच भेटले की विचारत, "काय, पलीकडं समदं बरं हाय न्हवं?" सरपंच बिचारे आधी मागं वळून बघत.

पत्त्यात 'ओढ्याच्या पलीकडे' लिहिलेलं टपाल ते घेत नसत. मला 'घेण्यास नकार' असा शेरा मारायला लावत. भाच्याच्या लग्नाची पत्रिका अशीच परत गेली आणि भाचा वर्षभर रुसला.

एके वर्षी त्यांची एकुलती लेक सुजाता बाळंत व्हायची होती. आई नव्हती, म्हणून बारामतीजवळ जळोचीला सासरीच राहिलेली. आबा रोज दारात उभं राहून माझी वाट बघत. शेवटी कार्ड आलं. मी सायकल दामटत गेलो. आबांनी पत्ता वाचला आणि त्यांचा चेहराच उतरला. लेकीच्याच अक्षरात लिहिलं होतं, 'ओढ्याच्या पलीकडे'.

"हितं जल्मली, हितं वाढली," ते म्हणाले, "आन् सोताच्या घराकडं गावात हुबी ऱ्हाऊन बघती. नकार लिव्ह."

मला त्यांचा भयंकर राग आला. खूप वाद घातला, पण आबा ऐकेनात. मी निघालो तर ओढ्यापर्यंत मागं आले.

"घेत न्हाय मी. पर तुला वाचाय येतं न्हवं?"

मी वाचलं. मुलगी झाली होती, दोघी सुखरूप होत्या. खाली लिहिलं होतं, 'आबा, तुमची लई आठवण येते.' ती ओळ त्यांनी तीनदा वाचायला लावली. शेरा मात्र मारूनच घेतला.

दुसऱ्या दिवशी टपालाची थैली बारामतीच्या एस्टीत चढवायला गेलो, तर आबा खिडकीशी बसलेले, मांडीवर झबल्या-टोपड्याची पिशवी. त्यांनी नाकारलेलं कार्ड त्याच थैलीत होतं.

"पत्ता सांगून येतो," आबा म्हणाले. "आदी नातीला सांगतो. तिला आजून कुणी काय शिकवलं न्हाय."